पिंग जात होते, पण आकडे अडकत होते : सँड प्लांटच्या जुन्या संगणकाचा माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी देखभाल विभाग सांभाळतो. आमच्या सँड प्लांटचा, म्हणजे साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागाचा, कारभार विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या एका औद्योगिक संगणकाकडे आहे. वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती), कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे प्रमाण पीएलसीला (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाला) कळवणे आणि मिक्सरमधील वाळूचा ओलावा पडद्यावर दाखवणे, एवढेच त्याचे काम. पण हा ओलावा वाढला की कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूने पडलेली छिद्रे) दिसू लागतात आणि कमी पडला की साच्याच्या कडा ढासळतात, त्यामुळे पडद्यावरचा तो एक आकडा आम्हाला फार मोलाचा आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही तो संगणक आम्ही ठेवला आहे, कारण त्यावरील सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि ते बदलायचे तर पीएलसीसह अख्खे पॅनेल बदलावे लागते.

जुलै २०२१ मध्ये हा संगणक आणि पीएलसी यांच्यातील संपर्क वारंवार तुटू लागला. पीएलसी आपल्या ठरलेल्या प्रमाणाने काम करत राहायचा, पण पडद्यावरचा ओलाव्याचा आकडा गोठायचा, आणि गोठलेला आकडा खऱ्या आकड्यासारखाच दिसतो, हा त्यातला सर्वांत मोठा धोका होता. सँड प्लांटवरच्या मामांनी पडद्यावरचा विश्वास सोडून पट्ट्यावरची वाळू मुठीत दाबून पाहायला सुरुवात केली. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटतात का आणि गोळा मध्ये मोडल्यावर कड धारदार राहते का, यावरून ते पाण्याचा अंदाज घेत. त्याच आठवड्यात पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्याहून येणाऱ्या तज्ज्ञांची वाट बंद झाली. जे करायचे ते आम्हालाच करावे लागणार होते.

मी सर्वांत आधी हार्ड डिस्कची प्रत घेतली. अशा संगणकाला हात लावताना हा क्रम मी कधीच मोडत नाही, कारण नेटवर्कमधला दोष शोधताना संगणक चार वेळा बंद-चालू होतो आणि इतकी वर्षे अखंड फिरलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. पाळी संपल्यावर ४० जीबीची आयडीई डिस्क काढून, अडॅप्टरने लॅपटॉपला जोडून तिची जशीच्या तशी प्रत स्टोअरमधल्या दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि त्या प्रतीवरून संगणक प्रत्यक्ष सुरू होतो हेही पाहून घेतले. यात रात्र गेली, पण नंतरचे दोन दिवस मी निर्धास्तपणे काम करू शकलो.

दुसऱ्या दिवशी केबलपासून सुरुवात केली. फाउंड्रीत पहिला संशय धुळीवरच जातो आणि आरजे-४५ प्लग काढल्यावर त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर कोळशाच्या भुकटीचा काळा थर निघालाही. प्लग नवा बसवला, पुढे संपूर्ण केबल बदलली आणि इंडक्शन फर्नेसच्या पॉवर केबलपासून दूर, वेगळ्या मार्गाने ओढली. आयपी पत्ते (नेटवर्कवरचे पत्ते) दोन्हीकडे हाताने दिलेले होते आणि बरोबर होते. दुसऱ्या एखाद्या यंत्राने तोच पत्ता घेतला आहे का, हे पाहण्यासाठी एआरपीच्या तक्त्यातील (कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा, याची संगणकातील नोंद) पीएलसीचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) त्याच्या लेबलशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिला, तोही जुळला. स्विचवरचा (दोन्ही यंत्रांच्या नेटवर्क केबल जोडणाऱ्या पेटीवरचा) हिरवा दिवा स्थिर होता आणि शंभरपैकी शंभर पिंगना (समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या छोट्या संदेशांना) एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर येत होते. एवढे सगळे ठीक दिसल्यावर दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे, असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते.

मामांच्या एका वाक्याने मला थांबवले. ते म्हणाले, "साहेब, त्यो आलेखाचा पडदा उघडला की अडकतंय बघा. बंद केला की परत चालू हुतंय." ओलाव्याचा आलेख, म्हणजे ट्रेंड, पूर्वी क्वचितच उघडला जाई, जुलैपासून ग्राहकाच्या मागणीवरून तो दिवसभर उघडा ठेवायला आम्ही सुरुवात केली होती. आलेख उघडला की संगणक पीएलसीकडून कितीतरी जास्त आकडे मागतो आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी माहिती वाहू लागते. पिंगचे तसे नसते. एक प्रश्न जातो, त्याचे उत्तर येते आणि मग पुढचा प्रश्न निघतो, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच क्षणी बोलण्याचा प्रसंगच सहसा येत नाही.

मग मी आलेख उघडा ठेवूनच पिंग लावले. पाच-सहा उत्तरांनंतर एक गळू लागले. त्याच वेळी शेजारच्या खिडकीत 'नेटस्टॅट -ई' ही आज्ञा दर मिनिटाला देऊन पाहिली, तर आलेल्या माहितीतील चुकांचा आकडा प्रत्येक वेळी वाढलेला असे. आलेख बंद केला की तो आकडा जागीच थांबे. केबल नवी, प्लग नवा आणि चुका केवळ वर्दळीच्या वेळी, या तीन गोष्टी एकत्र मांडल्यावर ड्युप्लेक्सची, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाठवायचे (फुल) की आळीपाळीने (हाफ) या सेटिंगची, शंका आली.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'अॅडव्हान्स्ड' पानावर वेग आणि ड्युप्लेक्स ही नोंद '१०० फुल' (१०० मेगाबिटचा वेग, फुल ड्युप्लेक्स) अशी हाताने बांधून ठेवलेली सापडली. पॅनेल बसवले तेव्हा ते योग्यच होते, कारण त्या काळचा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विचही १०० फुलवरच बांधलेला होता. तो स्विच मे महिन्यात वळवाच्या पावसात विजेमुळे जळाला आणि त्याच्या जागी आम्ही साधा, कोणतीही सेटिंग नसलेला स्विच बसवला. असा स्विच समोरच्या यंत्राशी बोलून वेग आणि ड्युप्लेक्स ठरवू पाहतो. पण समोरची सेटिंग बांधलेली असेल तर तिकडून बोलणीच होत नाहीत. अशा वेळी स्विच सिग्नलवरून १०० चा वेग ओळखतो, ड्युप्लेक्स मात्र त्याला ओळखता येत नाही आणि इथरनेटच्या नियमानुसार तो हाफ धरतो. संगणक समजत होता की रस्ता दुपदरी आहे, स्विच समजत होता की तो एकपदरी आहे. दोघांनी एकदम पाठवले की स्विच त्याला टक्कर समजून आपले पाठवणे अर्ध्यावर तोडायचा आणि संगणकाच्या हाती तुटलेला तुकडा पडायचा. तोच तुकडा चूक म्हणून मोजला जात होता. म्हणजे दोष मे महिन्यापासून होता आणि जुलैमध्ये वर्दळ वाढल्यावर तो उघडा पडला.

जेवणाच्या सुट्टीत मी ती नोंद 'ऑटो' केली. स्विचवरचा दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला. आलेख उघडला, तो सरकत राहिला.

राहिले ऑफिसचे काम. रोजचा अहवाल ऑफिसच्या विंडोज १० संगणकावर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जाईनासा झाला होता, पण त्याचे कारण अगदी वेगळे होते. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याच्या पद्धतीची, फक्त पहिली आवृत्ती येते आणि २०१७ च्या अखेरच्या अपडेटपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती नसते. ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला मला फोनवर मिळाला आणि तो मी नाकारला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच आवृत्तीतील भेगेतून पसरला होता; हिशेबाचे सगळे काम असलेल्या संगणकावर ती वाट उघडणे मला मान्य नव्हते. त्याऐवजी ऑफिसच्या बाजूला, फक्त सँड प्लांटच्या पत्त्यालाच प्रवेश देणारा छोटा एफटीपी (फाइल पाठवण्याची एक जुनी, साधी पद्धत) सर्व्हर ठेवला आणि एक्सपीमध्ये मुळातच असलेल्या एफटीपी आज्ञेने रोज पहाटे फाइल पाठवायला लावली. एक्सपीच्या गेटवेची (बाहेरच्या नेटवर्कला जाणाऱ्या दाराची) नोंद रिकामी केली, म्हणजे त्याला इंटरनेटची वाट उरली नाही.

त्या रात्री आलेख मुद्दाम रात्रभर उघडा ठेवला होता. सकाळी सात वाजता मी नेटस्टॅटचा तक्ता पाहिला तेव्हा चुकांचा आकडा रात्री वहीत टिपला होता तेवढाच होता. मामा वाळूची मूठ उघडून पडद्याकडे पाहत होते.