मिरजेहून येणारी ट्रंक

विट्यातील आमच्या घरात करमणुकीचे पहिले यंत्र आले ते माझ्या थोरल्या काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून, आणि पुढची बहुतेक यंत्रेही त्यांच्याच सामानातून आली. काका गलाईच्या धंद्यात होते. सोनारांकडचे जुने सोने-चांदी, तुकडे आणि झाडलोटीत सापडणारे कणसुद्धा वितळवून शुद्ध करण्याच्या या व्यवसायासाठी आमच्या खानापूर तालुक्यातील माणसे देशभर पांगलेली आहेत. पावसावर अवलंबून असलेल्या आमच्या जमिनीत सगळ्या घराचे पोट भरत नसे, म्हणून काकांनी विशीच्या आतच कोईमतूर गाठले होते. दसऱ्याला पालख्यांची शर्यत पाहण्यासाठी ते हमखास गावी येत. बंगळुरूहून मीटरगेजच्या गाडीने मिरज आणि मिरजेहून तासगावमार्गे एसटी, असा तो प्रवास असे. एसटीच्या टपावरून ती ट्रंक खाली उतरताना पाहण्यासाठी आम्ही मुले तासभर आधीच स्टँडवर जाऊन उभे राहत असू.

पहिल्यांदा त्या ट्रंकेतून आला तो चामड्याच्या वेष्टनातला ट्रान्झिस्टर. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्येच सुरू झालेले असल्यामुळे ते आमच्याकडे स्वच्छ ऐकू येई. बाकीच्या केंद्रांसाठी मात्र ट्रान्झिस्टर उचलून हळूहळू फिरवावा लागे. आत फेराइटची कांडी असते आणि मध्यम लहरी किती चांगल्या पकडल्या जातील हे तिच्या दिशेवर ठरते, हे मला फार पुढे कळले. तेव्हा एवढेच ठाऊक होते की, अमुक केंद्र हवे असेल तर ट्रान्झिस्टरचे तोंड देवघराकडे करायचे. सकाळी पाच कमी सातला ‘इयम् आकाशवाणी’ हे शब्द कानांवर पडले, की आण्णा घड्याळाला किल्ली देत आणि आजी चुलीवरचा चहा उतरवत असे. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे आणि आणखी दोन-तीन दिवस त्यांच्यावर काढायचे, ही आमच्या घरची रीत होती.

ऐकण्याच्या आड येत ते माग. गावात यंत्रमागांच्या शेड होत्या आणि आमच्या गल्लीला त्यांचा खडखडाट दिवसभर सोबत करीत असे. वीज गेली की एकदम सगळे शांत होई आणि सेलवर चालणारा आमचा ट्रान्झिस्टर चार घरे पलीकडे ऐकू जाई. अंधारात शेजारपाजारचे लोक आमच्या सोप्यावर येऊन टेकत, आणि वीज परत आली तरी गाणे संपेपर्यंत कोणी उठत नसे.

१९८१ च्या दसऱ्याला काकांनी टू-इन-वन आणला. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच पेटीत असलेले ते यंत्र घरातल्या सगळ्यांनी हात धुऊन मगच हाताळावे, असा आण्णांचा दंडक होता. गल्लीला त्यातली गाणी हवी असत, पण आमच्या घराला त्याचा खरा उपयोग कळला तो काका परत गेल्यानंतर महिनाभराने. पोस्टाने कापडात शिवलेले एक पुडके आले आणि त्यात साठ मिनिटांची एक कॅसेट निघाली. आजीला वाचता येत नव्हते. काकांचे पत्र आले की ते आण्णांनी वाचायचे, आणि आण्णांचा आवाज मुळातच करडा, त्यामुळे ‘तुझी फार आठवण येते’ हे वाक्यसुद्धा आजीला तलाठ्याच्या नोटिशीसारखे ऐकू येई. त्या दिवशी आण्णांनी बटण दाबले आणि काका स्वतः बोलू लागले.

तो प्रसंग मला आजही जसाच्या तसा आठवतो. आजी टू-इन-वनसमोर पाटावर बसली होती आणि पदर डोक्यावर नीट घेतलेला होता. काकांच्या बोलण्यामागे भट्टीच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, मध्येच कोणी गिऱ्हाईक तमिळमध्ये काही विचारी आणि काकाही त्याला तमिळमध्येच उत्तर देत. आपला मुलगा आपल्याला न कळणाऱ्या भाषेत इतके सराईत बोलतो, हे आजीने तेव्हा प्रथमच ऐकले. काकांनी ‘आई, जेवलीस का?’ असे विचारताच ती पटकन म्हणाली, ‘जेवले रं लेकरा, तू जेवलास न्हवं?’ आम्ही मुले हसलो. आण्णा हसले नाहीत. त्यांनी कॅसेट थांबवली आणि आजीचे बोलणे पूर्ण होऊ दिले.

उत्तर देण्यासाठी दुसरी बाजू होती. प्ले आणि रेकॉर्ड ही दोन्ही बटणे एकदम दाबायची, ही कामगिरी माझ्याकडे असे. टेपची सुरुवातीची पारदर्शक पट्टी सरकेपर्यंत बोलायचे नाही, म्हणून मी बोट वर धरून उभा राहत असे आणि बोट खाली आले की आजी बोलू लागे. म्हशीचे दूध, बाजारातला ज्वारीचा भाव, कोणाचे लग्न ठरले, कोण गेले, असे सगळे तीस मिनिटांत बसवावे लागे. ती कॅसेट कोईमतूरला जाई, काका ऐकत आणि त्याच फितीवर नवे बोलणे भरून परत पाठवत. नवी कॅसेट घेणे उधळपट्टीचे वाटे. आधीचा आवाज पुसला जातो हे आम्हा सर्वांना माहीत होते. पत्र जपून ठेवतात तसा आवाजही जपून ठेवावा, हे मात्र पाच वर्षांत एकालाही सुचले नाही, आणि या एका गोष्टीची हळहळ मला अजून वाटते.

१९८६ मध्ये कृष्णधवल टीव्ही आला. व्होल्टेज घसरले की चित्र चहूबाजूंनी आकसत असे आणि वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने दारातून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे. आमच्याकडे तेव्हा दिसत ते प्रामुख्याने दिल्लीचे हिंदी कार्यक्रम, त्यामुळे आजी थोडा वेळ पाहून उठून जाई. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा मात्र तिला भाषेची अडचण राहिली नाही. शेजारच्या शेडमधले कामगार त्या वेळेपुरते माग थांबवून आमच्या अंगणात येत. व्हिडिओही गल्लीत येऊन गेला, तो मात्र वर्गणी काढून एका रात्रीपुरता भाड्याने आणलेला. चित्रावर रेघा आल्या की तो आणणारा माणूस कोऱ्या करकरीत नोटेने हेड पुसत असे. पण तीन सिनेमांच्या त्या जागरणाने माझ्या मनात फारसे घर केले नाही.

पुढे गावात एसटीडीचे बूथ आले. आजी रिसीव्हर दोन्ही हातांत धरून मोठ्याने बोले, आणि समोर पळणारे आकडे पाहून आण्णा तिला आवरते घ्यायला सांगत. कॅसेटचे येणे-जाणे त्यानंतर थांबले.

शेवटची कॅसेट काकांच्या ट्रंकेत सापडली, ते धंदा मुलाकडे सोपवून कायमचे विट्याला आले तेव्हा. आतली स्पंजाची गादी निखळली होती. मी दुसऱ्या कॅसेटचे कवच उघडून त्यात ती फीत बसवली आणि पेन्सिलीने सावकाश ताणून घेतली. पहिल्या बाजूवर काका आहेत, मागे भट्टी आहे. दुसऱ्या बाजूवर आजी आहे, आणि तिच्यामागे अर्धा तास अखंड चाललेले माग आहेत. ज्वारीचे, म्हशीचे, आण्णांच्या खोकल्याचे सांगून झाल्यावर ती म्हणते, ‘दसऱ्याला येताना काय आणू नगंस बाबा, घर भरलंय. मिरजेला उतरलास की आधी कायतरी खाऊन घे, आन्‌ मग’ आणि तिथे फीत संपते.