परदेशातील संसाराचा दावा ठाण्याच्या कोर्टात : माझा अनुभव

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याविषयी आपल्याकडे बोलले जाते तेव्हा नवरा, बायको, घर आणि न्यायालय ही सगळी मंडळी एकाच शहरात आहेत असे गृहीत धरलेले असते. माझ्या बाबतीत नवरा इंग्लंडमध्ये, सासू-सासरे नेरूळला आणि मी ठाण्यात कोपरीला माहेरी, अशी वाटणी झाली होती. चुलत दिराच्या लग्नासाठी आम्ही दोघे आलो, लग्न आटोपल्यावर "तू थोडे दिवस थांबून ये" असे सांगून तो एकटाच परत गेला, आणि जाताना माझा पासपोर्ट व ब्रिटनचे निवासी कार्डही घेऊन गेला. काही आठवड्यांतच माझा व्हिसा रद्द होत असल्याचा ईमेल तिथल्या गृह खात्याकडून आला. तिथे असतानाही माझे बँकेचे कार्ड त्याच्याकडेच असे, फोनमधले संदेश तो रोज तपासत असे आणि हात उचलणेही अधूनमधून होत असे. त्याचा तपशील अर्जात आहे, इथे तो देत नाही, कारण मला प्रक्रियेबद्दल लिहायचे आहे.

पहिला विचार साहजिकच इंग्लंडच्या कायद्याचा आला. कागदावर तो कायदा फार पुढारलेला आहे. जोडीदारावर सतत नियंत्रण ठेवणे आणि त्याला धाकात ठेवणे हा तिथे 2015 पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पत्नीवरील बलात्कार हा गुन्हाच आहे, असे तिथल्या सर्वोच्च पीठाने 1991 सालीच ठरवले. 2021 च्या कायद्याने आर्थिक छळालाही व्याख्येत जागा दिली. मात्र तिथल्या एका महिला संस्थेशी ईमेलवर बोलणे झाल्यावर मला कळले की या सगळ्याच्या खाली व्हिसाच्या नियमांची एक चाळणी आहे आणि मी तिच्यातून खाली पडले आहे. बायकोला मायदेशी आणून सोडून देणे हा छळाचाच प्रकार आहे, हे त्यांच्या नियमांना आता मान्य आहे, आणि 2024 पासून अशा स्त्रीला देशाबाहेरूनही कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. पण त्यासाठी नवरा साधारणपणे ब्रिटिश नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी असावा लागतो. माझा नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. अशा नोकरदारांच्या पत्नींसाठी फेब्रुवारी 2024 पासून तीन महिन्यांची सवलत सुरू झाली, ज्यात सरकारी मदत घेता येते, पण तिच्यासाठी बाई ब्रिटनमध्ये हजर असावी लागते आणि तीन महिन्यांनंतर पुढचा रस्ता तिला मिळत नाही. म्हणजे छळ तोच, पण नवऱ्याच्या व्हिसाचा प्रकार बदलला की बायकोचे हक्कही बदलतात. हा योगायोग नव्हे. महिलांवरील हिंसाचार रोखण्यासाठीचा युरोपचा इस्तंबूल करार ब्रिटनने 2022 साली स्वीकारला, तेव्हा स्थलांतरित पीडितांच्या वास्तव्याविषयीचे त्यातले 59 वे कलम राखून ठेवले, म्हणजे तेवढे आम्हाला लागू नाही असे सांगितले. (ज्या शहराच्या नावाने तो करार ओळखला जातो, त्या शहराचा देश तुर्कस्तान 2021 सालीच त्यातून बाहेर पडला होता.)

न्यू जर्सीला असलेल्या माझ्या मावसबहिणीने चौकशी करून सांगितले की अमेरिकेतही हीच तऱ्हा आहे. तिथल्या 1994 च्या कायद्याने छळ सोसणाऱ्या पत्नीला नवऱ्याच्या मदतीशिवाय स्वतःच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करण्याची मुभा दिली, पण नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तरच. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या बायका, ज्या एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर असतात, त्या या तरतुदीच्या बाहेर राहतात. पुढे विधी सेवेच्या बाकावर भेटलेल्या, दुबईहून परतलेल्या एका ताईंची अडचण याच जातीची होती. अमिरातीने 2019 साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा केला, पण त्यांचा निवासी परवाना नवऱ्याच्या नावावर होता आणि तक्रार करायची म्हणजे तो परवाना पणाला लावायचा. तीन देश आणि तीन तऱ्हेचे कायदे असूनही आमच्यासारख्या बायका एकाच जागी अडकतात. या ताई भेटण्याआधीच, मावसबहिणीशी बोलणे झाल्यावर, मी इंग्लंडचा नाद सोडून भारतातला कायदा नीट वाचायला घेतला होता.

आपला 2005 चा कायदा, म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, आणि तो वाचताना मला खरोखर आश्चर्य वाटले. आर्थिक छळ हा हिंसाचारच आहे, हे त्याने इंग्लंडच्या सोळा वर्षे आधी कलम 3 मध्ये लिहून ठेवले आहे. स्त्री जिथे तात्पुरती राहत असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही तिला अर्ज करता येतो, हे कलम 27 सांगते. लग्न कुठे झाले, मारहाण कुठे झाली, याने माझा ठाण्यात अर्ज करण्याचा हक्क जात नव्हता.

प्रत्यक्षात पहिल्याच पायरीवर अडायला झाले. जवळच्या पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की जे इंग्लंडमध्ये घडले त्याची तक्रार इंग्लंडमध्येच करावी, आणि पासपोर्टचे म्हणाल तर गहाळ झाल्याचा दाखला लगेच देतो. गहाळचा दाखला घेतला असता तर नवीन पासपोर्ट लवकर मिळाला असता हे खरे, पण "पासपोर्ट हरवला" असे मी स्वतःच्या सहीने लिहून दिल्यावर तो नवऱ्याने ठेवून घेतल्याचा माझा आरोप तिथेच संपला असता. म्हणून मी दाखला घेतला नाही. पासपोर्ट पतीच्या ताब्यात असून मागूनही तो देत नाही, असा लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घेतली. कायद्याच्या कलम 5 नुसार पोलिसांनी अशा स्त्रीला संरक्षण अधिकारी (पीडितेच्या मदतीसाठी याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी), मोफत विधी सहाय्य आणि फौजदारी तक्रार या तिन्ही गोष्टींची माहिती द्यायची असते. मला ती कोणी दिली नाही, आणि ज्या बायकांनी घरी कायदा वाचलेला नसतो त्यांचे इथेच काय होत असेल, याची कल्पना करता येते.

माहिती मिळाली ती कोर्ट नाक्याला, जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळवण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. माझ्या बाबांचे निवृत्तिवेतन आहे, तेव्हा आपल्याला कसला मोफत वकील मिळणार, असे आईला वाटत होते. पण तिथे ओळख, पत्ता आणि अर्ज एवढेच लागले. मिळालेल्या वकील मॅडम वयाने माझ्याएवढ्याच होत्या, आणि मोफत वकील म्हणजे नावापुरता, असा जो समज आहे तो माझ्या बाबतीत पूर्ण खोटा ठरला.

त्यांनी मला आधी संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवले. त्या जो घटना अहवाल भरतात, ज्याला तिथे सगळे डीआयआर म्हणतात, त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे हिंसाचाराचे वेगवेगळे भाग असतात आणि प्रत्येकाखाली प्रकार दिलेले असतात. हा फॉर्म भरणे ही सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत कठीण गोष्ट होती, आणि सर्वांत उपयोगाचीही. लैंगिक हिंसाचाराच्या भागाशी मी थांबले तेव्हा अधिकारी ताईंनी दार लोटून घेतले आणि सांगितले की पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 च्या अपवादामुळे हा बलात्काराचा गुन्हा होत नाही, पण या कायद्याखाली तो हिंसाचार म्हणून नोंदवता येतो, तेव्हा लिहायचे की नाही हे तुम्ही ठरवा. मी लिहिले. एकाच देशाच्या दोन कायद्यांत तीच कृती एकीकडे हिंसाचार ठरते आणि दुसरीकडे गुन्हाही ठरत नाही, याला उणीव म्हणणेही मला सौम्य वाटते.

या ताईंकडे आणखी दोन पदांचा कार्यभार होता आणि टेबलावर त्याच कामांच्या फायली होत्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. कायदा लागू होऊन अठरा वर्षे उलटल्यावर असे सांगावे लागते, यावरून खालची परिस्थिती समजावी.

अर्ज दाखल झाल्यावर पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम 12 म्हणते. "प्रयत्न" हा शब्द असल्याने साठ दिवस कोणी मोजत नाही. आमचा बराच काळ नोटीस बजावण्यात गेला. सासऱ्यांनी नेरूळच्या पत्त्यावर नोटीस घेतली, पण मुलाचा इंग्लंडचा पत्ता माहीत नाही असे सांगितले. मग त्याच्या कार्यालयाचा व जुन्या घराचा पत्ता आणि तो वापरत असलेला ईमेल असे सगळे शपथपत्रावर देऊन ईमेलनेही नोटीस पाठवण्याची परवानगी मॅडमनी मागितली आणि ती मिळाली. ईमेल गेल्यानंतरच्याच तारखेला त्याचे वकील वकीलपत्र घेऊन उभे राहिले, यावरून घरचा संपर्क किती तुटला होता ते कोर्टाला दिसले.

त्यांची मुख्य हरकत अपेक्षित होती: सगळ्या घटना परदेशातील, त्यामुळे ठाण्याच्या न्यायालयाला अधिकार नाही. मॅडमनी कलम 27 दाखवले, परदेशात झालेल्या कौटुंबिक हिंसाचाराची दखल इथले न्यायदंडाधिकारी घेऊ शकतात असा मुंबई उच्च न्यायालयाचा 2023 चा निर्णय दिला, आणि मला अधिक महत्त्वाचा वाटला तो तिसरा मुद्दा मांडला. पैसे बंद करणे, कागदपत्रे अडवून ठेवणे आणि बायकोला टाकून देणे ही इंग्लंडमध्ये घडून गेलेली घटना नसून त्याचे परिणाम मी रोज कोपरीत भोगत आहे, तेव्हा हिंसाचार ठाण्यातच चालू आहे. हरकत फेटाळली गेली.

या काळात अनेक नातेवाइकांनी पती व सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचे फौजदारी कलम 498-अ, जे आता भारतीय न्याय संहितेचे कलम 85 झाले आहे, ते लावून त्याला खेचून आणण्याचा सल्ला दिला. फौजदारी खटला वा वॉरंट असल्यास पासपोर्ट जप्त करण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्यांना असतो, हे खरे आहे, आणि काही जणींपुढे तोच एक मार्ग उरतो. मला मात्र पोटगी हवी होती, आणि पासपोर्ट जप्त होऊन ज्याची नोकरी गेली आहे अशा माणसाकडून ती वसूल कशी होणार, हा प्रश्न होता. ज्यांनी तो मार्ग धरला त्यांना मी चूक म्हणणार नाही, माझा हिशेब वेगळा होता एवढेच.

घराबाबतही असाच निर्णय घ्यावा लागला. सासऱ्यांच्या नावावर असलेल्या घरातही सुनेला राहण्याचा हक्क असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या सतीशचंद्र आहुजा प्रकरणात मान्य केले आहे. पण नेरूळच्या घरात जाऊन राहण्याची माझी इच्छा नव्हती, म्हणून कलम 19 खाली पर्यायी घराचे भाडे, कलम 20 खाली अंतरिम पोटगी आणि स्त्रीधन व पासपोर्ट परत, एवढेच मागितले. त्याच वर्षीच्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र देणे बंधनकारक आहे. नवऱ्याने दाखवलेला पगार पाहून मलाच त्याची दया आली असती, पण इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेताना त्याने एजंटला पाठवलेल्या पगारपत्रकाची प्रत माझ्याही ईमेलवर आलेली होती. ती जोडल्यावर अंतरिम आदेश झाला आणि त्याची प्रत कलम 24 प्रमाणे विनाशुल्क हातात मिळाली.

आदेश मिळणे आणि पैसे मिळणे यांत किती अंतर आहे ते त्यानंतर कळले. पासपोर्ट तेवढा सासऱ्यांच्या वकिलांमार्फत परत आला, पैसे आले नाहीत. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड अशी कलम 31 ची शिक्षा आहे, पण ती भोगायला माणूस इथे हवा. इंग्लंडमध्ये तशाच प्रतिबंधक आदेशाचा भंग केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण तो आदेश मागायला मी तिथे हवी. पगारातून परस्पर रक्कम देण्याचा आदेश न्यायालय मालकाला देऊ शकते, अशी सोय कलम 20 च्या पोटकलम 6 मध्ये आहे, पण इंग्लंडमधील कंपनी ठाण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचे पत्र कशाला मनावर घेईल?

तेच पोटकलम मॅडमनी पुन्हा वाचले. त्यात फक्त मालकाचा उल्लेख नाही, जो कोणी प्रतिवादीचे देणे लागतो त्यालाही रक्कम थेट स्त्रीला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश देता येतो. घणसोलीला नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे आणि तो भाड्याने दिलेला आहे, म्हणजे भाडेकरू दर महिन्याला त्याचे देणे लागतो. फ्लॅटच्या खरेदीखताची आणि नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आम्ही काढली आणि भाडे माझ्या खात्यात वळवण्याचा अर्ज केला. सोबत कलम 18 खाली फ्लॅट विकण्यास मनाईही मागितली, कारण हे कळताच तो विकायला निघेल यात शंका नव्हती. दोन्ही आदेश झाले. भाडेकरू बिचारा घाबरून माझ्या बाबांना भेटायला आला, त्याला आदेशाची प्रत दाखवून समजावले, आणि तेव्हापासून तो वेळेवर भाडे भरतो.

ही रक्कम मंजूर पोटगीपेक्षा कमी आहे, बाकीची थकबाकी वाढतच आहे आणि मूळ अर्जावर उलटतपासणी अजून व्हायची आहे. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि आदेशात त्याचेच नाव आहे, त्यामुळे तो गेल्यावर येणाऱ्या कोणत्याही भाडेकरूला हाच आदेश लागू राहावा यासाठी दुरुस्तीचा अर्ज मॅडमनी दिला असून पुढची तारीख त्यावर आहे.