‘समजलं ना?’ या प्रश्नाने काय बिघडते

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका यंत्रनिर्मिती कारखान्यात मी नोकरी करतो, त्याला आता नऊ वर्षे होतील. यंदा दिवाळीत नागपूरला आलो, तेव्हा हिंगणा एमआयडीसीतल्या आतेभावाच्या कारखान्यात चार दिवस मुक्काम ठोकल्यासारखा बसलो होतो. कामाच्या ठिकाणी माणसे नवे का शिकत नाहीत, हा आमच्या बोलण्याचा विषय होता. “आपल्या लोकांना शिकायचंच नसतं” हे उत्तर मी नागपुरात अनेक मालकांकडून आणि व्यवस्थापकांकडून ऐकले आहे. मला ते पटत नाही, कारण शिकण्याच्या वाटेत आपणच काय काय आणून ठेवतो, हे मी दोन्ही देशांतल्या शॉपफ्लोअरवर, म्हणजे यंत्रे चालतात त्या जागी, पाहिले आहे.

परदेशी जाण्यापूर्वी मी हिंगण्यातच एका कारखान्यात शिकाऊ अभियंता होतो. तिथे प्रशिक्षण नियमित होत असे, पण ते पहिली पाळी सुटल्यावर, दुपारी साडेतीनला, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले असे. मे महिन्यात बाहेरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, आठ तास यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस घरी जायची बस सोडून इंग्रजी स्लाइडसमोर बसायचा. शेवटी साहेब विचारायचे, “समजलं ना?” सगळे हो म्हणायचे, हजेरीपत्रकावर सह्या व्हायच्या आणि प्रशिक्षण झाल्याची नोंद फायलीत जायची.

एकदा सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्रावर, टूल बदलल्यानंतर ऑफसेट (नव्या टूलच्या मापाचा आकडा) भरताना दशांशचिन्हाची चूक झाली आणि टूल जाऊन चकवर, म्हणजे धातूचा तुकडा धरून ठेवणाऱ्या भागावर, आदळले. चूक करणारा ऑपरेटर पंचेचाळिशीचा, हाताने अत्यंत पक्का माणूस होता. साध्या लेथवर तो हातानेच माप ओळखत असे. त्याला सर्वांदेखत बोलणी बसली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, “साहेब, त्या दिवशी मले समजलंच नव्हतं. पण वीस वर्षं झाले इथं, एवढ्या पोट्ट्यांसमोर कसा विचारू?” त्यानंतर त्या विभागातून चुकांच्या नोंदी येणे जवळजवळ थांबले. चुका मात्र थांबल्या नव्हत्या. माल तपासताना त्या आम्हाला सापडतच होत्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक प्राध्यापिकेचे काम वाचनात आले, तेव्हा मला हा ऑपरेटरच आठवला. नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना असे आढळले, की चांगल्या चालणाऱ्या परिचारिकांच्या गटांत चुकांच्या नोंदी उलट जास्त होत्या. तिथे चुका अधिक घडत होत्या म्हणून नव्हे, तर त्या उघडपणे सांगता येत होत्या म्हणून. ‘मला येत नाही’ असे म्हणण्याची किंमत जिथे मोठी असते, तिथे शिकणे सुरू होण्याआधीच संपते, आणि ही किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते ती वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या माणसाला.

जर्मनीत गेल्यावर पहिल्या महिन्यात मी स्वतः त्या ऑपरेटरच्या जागी उभा होतो. भाषा अर्धवट येत होती, यंत्र नवे होते आणि माझे उत्तर तेच होते, “हो, समजले.” आमच्या विभागातल्या माइस्टरने, म्हणजे प्रमुख कुशल कारागिराने, ते ऐकून घेतले आणि म्हणाला, “छान, आता तू मला शिकव.” प्रत्येक पायरी करताना ती काय आहे आणि का आहे, हे मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याला सांगायचे होते. तिसऱ्याच पायरीवर मला काय कळले नव्हते, ते आम्हा दोघांनाही दिसले, आणि त्यात कोणाचा अपमान झाला नाही, कारण तिथे नव्या-जुन्या प्रत्येकाला असेच शिकवतात. आधी शिकणाऱ्याची तयारी करून घ्यायची, मग करून दाखवायचे, मग त्याच्याकडून बोलत-बोलत करवून घ्यायचे आणि शेवटी सराव, अशी ती चार पावले आहेत. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नवख्या कामगारांना कारखान्यांत झटपट तयार करण्यासाठी याच धर्तीची चार पावले वापरली होती, आणि शिकवणाऱ्यांच्या हाती दिलेल्या कार्डावर लिहिले होते, की कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही. जर्मनीत तर शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी घेणाऱ्याला शिकवण्याची पात्रताही सिद्ध करावी लागते. काम उत्तम येते म्हणून शिकवताही येईल, असे तिथे गृहीत धरत नाहीत, आणि मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मी राहतो त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात 2015 पासून कायदा आहे, की कर्मचाऱ्याला वर्षातून पाच दिवस शिकण्यासाठी भरपगारी रजा मागता येते. अभ्यासक्रमाचे शुल्क मात्र त्याने स्वतः भरायचे. अर्थात तिथेही सगळे सुरळीत नाही. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांना यातून सूट आहे, आणि ज्यांना हक्क आहे त्यांच्यापैकीही फार थोडे लोक तो वापरतात, कारण आपल्या रजेचा भार सहकाऱ्यांवर पडेल याचा संकोच असतो. कायद्याने वेळ मिळतो, पण तो मागण्याचा धीर विभागप्रमुखाच्या वागण्यातूनच येतो.

आतेभावाच्या कारखान्यात पस्तीसेक माणसे आहेत. त्याची खरी अडचण वेगळी होती. “दादा, शिकवलं की पोट्टे बुटीबोरीले जाते, दोन हजार जास्त मिळते तिथं.” बुटीबोरी ही नागपूरजवळचीच दुसरी औद्योगिक वसाहत. ही भीती खोटी नाही. पण मी त्याला विचारले, न शिकवलेला माणूस दहा वर्षे टिकला, तर टूल आणि भंगारात गेलेला माल यांचा हिशेब किती होतो? तो हिशेब त्याने कधी मांडलाच नव्हता. शिवाय तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारकच आहे, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यांच्या विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिन्याला कमाल 1500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. खर्च होणारच असेल, तर त्यातून माणूस तयार का होऊ नये?

आम्ही सुरुवात लहान केली. आठवड्यातून दोनदा, पाळी सुरू होताना, पगारी वेळेतला अर्धा तास. उत्पादनाचे लक्ष्य त्या दिवशी तेवढ्याने कमी. स्लाइड नाहीत, यंत्राशेजारी उभे राहून, त्यांच्याच बोलीत आणि बिहार-छत्तीसगडच्या मुलांसाठी हिंदीत. ‘समजलं ना?’ हा प्रश्न बंद, त्याऐवजी “आता तू सांग.” शिकवायला आम्ही बाहेरून कोणी आणले नाही, तर सर्वांत जुन्या फिटरना उभे केले. पहिल्या दिवशी ते अवघडले होते. दुसऱ्या वेळी आयटीआयतून आलेल्या मुलाने पडद्यावरचा अलार्म कसा वाचायचा ते त्यांना दाखवले, आणि त्यांनी सगळ्यांसमोर त्याला म्हटले, “थांब भाऊ, हे मले नाही समजलं, पुन्हा सांग.” मी तिथेच उभा होतो, आजूबाजूच्या चार-पाच जणांनी त्यानंतर लगेच आपापले प्रश्न विचारले.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यांचा अर्धा तास कोणी भरायचा, यावर कंत्राटदार आणि आतेभाऊ यांचे एकमत झालेले नाही, आणि सर्वांत धोक्याच्या प्रेसवर, म्हणजे धातूचा पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर, नेमके तेच उभे असतात. तोपर्यंत त्यांना वगळू नकोस, ते पैसे तू भर, असे मी निघताना आतेभावाला सांगितले आहे. डिसेंबरअखेर हिशेब पाहून ठरवतो, असे तो म्हणाला.