सायकमागची दीड फूट वाट

दुपारी दोनला टेम्पो आला तेव्हा सोलापूरच्या उन्हात लोखंडी फ्रेमला हात लावता येत नव्हता. हाताला पोती गुंडाळून सेट उतरवला. नाटक बाहेरगावच्या संस्थेचं, नाट्यगृह शहरातलंच, त्याचं नाव लिहीत नाही. प्रयोग साडेसहाचा. सव्वाचारला दोन खोल्यांचं घर उभं राहिलं, खिडकीतून मागे आकाश दिसू लागलं आणि दिग्दर्शक म्हणाले, "धाकटीची एन्ट्री करून बघू."

दुसऱ्या अंकात धाकटी मुलगी भांडून डाव्या विंगेत जाते आणि वडिलांची सहा वाक्यं संपायच्या आत उजव्या विंगेतून, रस्त्यावरून आल्यासारखी, ओली छत्री घेऊन येते. (आमच्यात डावं-उजवं नटाच्या बाजूने धरतात, प्रेक्षकांच्या नाही.) ती गेली आणि त्याच विंगेतून परत आली. "काका, मागे वाटच नाहीये."

टॉर्च घेऊन गेलो. सायक म्हणजे आकाशासाठीचा मागचा पांढरा पडदा. तो आणि भिंत यांच्यामध्ये नटांना पलीकडे जायला वाट सोडलेली असते. बांधणाऱ्याने इथेही सोडली होती, चांगली तीन फूट. त्या तीन फुटांत आता सत्कार समारंभांचे मोडके पोडियम, जुने फ्लेक्स, कुठल्याशा गॅदरिंगचा थर्माकोलचा किल्ला आणि एक लोखंडी कपाट. विंगेत कधी उभं न राहिलेल्या माणसाला ती जागा रिकामी वाटते. मी हे पडद्यामागचं काम सोलापूरच्याच हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या विंगेत शिकलो, आणि तेव्हापासून कुठल्याही नाट्यगृहात शिरलो की आधी मागची वाट बघतो. त्या दिवशी सेट उतरवायच्या गडबडीत बघितली नव्हती. जीव तुटला.

बाहेरून वळसा मोजून बघितला. मागचं दार, जनरेटर, पार्किंग, बाजूचा पॅसेज : धावत चाळीस सेकंद. वडिलांची वाक्यं पंचवीस सेकंदांची. सेट पुढे ओढावा तर सोफा दर्शनी पडद्याच्या रेषेत येतो आणि लावून ठेवलेल्या स्पॉटमधून बाहेर जातो. सायकच्या पुढून वाकून जावं, तर पहिल्या रांगेच्या कडेच्या खुर्चीत मी स्वतः बसून बघितलं, खिडकीतून केस दिसत होते.

"सगळं नाही निघायचं," आमचे जुने रंगमंच कामगार म्हणाले. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. "एक पोरगी जाईल एवढं काढू की." सहा जण लागलो. पाऊण तासात पोडियम, फ्लेक्स, किल्ला बाहेर आले. कपाट काही हलेना. त्याच्यापाशी उरली दीड फूट.

दीड फुटात खांदा पडद्याला लागला तर आकाशाला लाट येते आणि ती पार शेवटच्या रांगेला दिसते. शिवाय रंगपटाचं, म्हणजे मेकअपच्या खोलीचं, दार नेमकं वाटेच्या टोकाला. ते उघडलं की ट्यूबलाइटचा उजेड मागून पडद्यावर, आणि पोरीची सावली आकाशात. आमचं काळं कापड विंगांनाच पुरलं होतं. अण्णांनी सायकल काढली आणि घरून गडद निळी सोलापुरी चादर घेऊन आले. दिव्यांपासून लांब, दाराच्या चौकटीला ती दुहेरी करून ठोकली. एक किरण येईना.

जमिनीवर पांढरी टेप लावली. निळा बल्ब भिंतीकडे तोंड करून खाली ठेवला. मुलीला सांगितलं, चप्पल काढ, पाठ भिंतीला, नजर टेपवर, आणि घाई झाली तरी धावायचं नाही. तिने पाच वेळा चालून बघितलं. पाचव्यांदा डोळे मिटून.

प्रयोगात मी उजव्या टोकाला पाण्याची बादली आणि छत्री घेऊन उभा. पलीकडे दार आपटलं. वडिलांचं पहिलं वाक्य, दुसरं. निळ्या उजेडात आधी तिची पावलं दिसली, एकाशेजारी एक, आडवी सरकत. कपाटापाशी तिने श्वास आत ओढून धरला, ओढणी मुठीत आवळली. माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं, पडद्याच्या कडेकडे होतं. कड हलली नाही. पाचव्या वाक्याला ती माझ्यापाशी होती. मी छत्री बुडवून हातात दिली, तिने चप्पल सरकवली आणि प्रकाशात गेली. बाहेर हशा झाला, तिच्या छत्रीवरच्या वाक्याला. अण्णांनी पलीकडून अंगठा दाखवला.

साडेनऊला टेम्पो भरला. सकाळी तिथे सत्काराचा कार्यक्रम होता, म्हणून शिपाईभाऊ पोडियम परत पडद्यामागे ढकलायला लागले. मी आणि अण्णांनी ते उचलून जिन्याखाली नेलं, किल्ला आणि फ्लेक्सही तिथेच रचले. भाऊ म्हणाले, "कुणी विचारलं तर?" मी त्यांना टॉर्च दिला आणि वाटेतून एकदा चालून यायला सांगितलं. ते आडवे होऊन हळूहळू पलीकडे गेले. जमिनीवरची टेप मी काढली नाही.