शेतीच्या शब्दांचा कोश : सातवीच्या मराठीतला प्रकल्प

मराठीचा प्रकल्प म्हटलं की दुकानातली चित्रं, चकचकीत फाइल आणि आईचं अक्षर. आपल्याकडे २०१० पासून आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प आहेच. पण त्यात भाषेचं काम नेमकं कुठं होणार हे ठरवलं नाही, तर फायलींचा ढीग तेवढा साठतो. मी सातवीला गावातल्या शेतीच्या शब्दांचा कोश करायला देतो आणि सगळ्यांत जास्त गुण कच्च्या कामाला ठेवतो.

चौघांचा गट, प्रत्येकी दहा शब्द, एका शब्दाला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. त्यावर शब्द, तो-ती-ते, अनेकवचन, सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप), स्वतःच्या वाक्यात अर्थ आणि सांगणाऱ्याच्या तोंडचं एक वाक्य, जसंच्या तसं. महिना जुलै, अवजारं तेव्हा माळ्यावरून खाली आलेली असतात.

खरी मेख प्रश्नात आहे. ‘याला काय म्हणतात?’ असं विचारलं की आजोबा शाळेच्या पोरासाठी पुस्तकी शब्द शोधतात. त्याऐवजी ‘औत कसं जुंपायचं, पहिल्यापासून सांगा’ म्हणायचं. मग जू (बैलांच्या मानेवरचं आडवं लाकूड), शिवळा (त्यातल्या खुंट्या), रुमणं (औताचा हातात धरायचा दांडा) ओघानं येतात. पाभरीचं, म्हणजे पेरणीच्या अवजाराचं, विचारलं की चाडं (बी सोडायचं भांडं) आणि नळे (त्यातून बी जमिनीत जातं). जोडीनं जायचं, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मोबाइलवर पाच मिनिटांपेक्षा जास्त रेकॉर्ड करू देत नाही, कारण ते उतरवून काढायला कुणी बसत नाही.

वर्गात झटापट होते ती सामान्यरूपाशी. चाडं-चाड्यात, रुमणं-रुमण्याला जमतं. ‘जू’पाशी गाडी अडते. तेव्हा सांगणाऱ्याचं वाक्य काढायचं, त्यात ‘जुवाला’ सापडतं. ते वाक्य शुद्ध करून लिहिलं असेल, तर कार्ड परत द्यायचं.

मग चाळीस कार्डं जमिनीवर पसरून वर्णानुक्रम. बहुतेक मुलं पहिल्या अक्षरावरच थांबतात, म्हणून कासरा, कुळव, कोळपं हे तीनच शब्द आधी लावून घेतो. अनुस्वार आणि जोडाक्षरं कुठं ठेवायची यावर वाद होतो. ग्रंथालयातला एकच शब्दकोश प्रमाण धरावा. कुणाचे नातेवाईक विदर्भातले असतील तर ‘वखर’ येतो, म्हणजे आपला कुळवच, जमीन भुसभुशीत करायचं अवजार. त्याला वेगळं कार्ड आणि ‘कुळव पाहा’ अशी नोंद.

गुण वीस : कच्ची कार्डं आठ, तोंडी सहा, पक्की प्रत चार, मुखपृष्ठ दोन. तोंडीला मुलाच्याच कार्डांतलं कुठलंही एक काढायचं आणि दोन मिनिटं बोलायला लावायचं. दुसऱ्याचं बघून लिहिलेलं कार्ड पहिल्या अर्ध्या मिनिटात उघडं पडतं. त्याचे गुण न कापता मी त्या मुलाला पुन्हा बांधावर पाठवतो.