फॉर्ममधे चाळीस प्रश्न आणि सर्जन कुठेच नाही

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा.

सकाळी नाइट ड्युटी संपवून बाहेर टपरीवर तर्री-पोहे खाताना आमच्या अ‍ॅनेस्थेशिया, म्हणजे भूल देणाऱ्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर लिंक आली, की सगळ्या रेसिडेंट्सनी (पीजी करणाऱ्या डॉक्टरांनी) आजच फॉर्म भरा, शिकायचं वातावरण कसं आहे ते मोजायचंय. म्हटलं चला, कोणीतरी विचारून तर राहिलं. एका हातानं पोहे, दुसऱ्या हातानं टिक, स्क्रीनवर तर्रीचा तेलकट अंगठा.

फॉर्मचं नाव फीम. ब्रिटनमधे २००५ च्या सुमारास ज्युनियर डॉक्टरांसाठी बनवलेला. ऑटोनॉमीचे, म्हणजे स्वतःच्या हातानं काम करू देतात का याचे १४ प्रश्न, शिकवण्याचे १५, सोशल सपोर्टचे ११. प्रत्येकाला ० ते ४, टोटल १६०. ८० पर्यंत आले की बऱ्याच अडचणी, ८१ ते १२० म्हणजे बरं आहे पण सुधारायला जागा, १२१ पासून वर झकास. गंमत अशी की चार प्रश्न उलटे आहेत, तिथं ४ टिक केलं की शून्य धरतात, म्हणजे न वाचता सगळीकडे ४ ठोकले तर १६० नाही, १४४ येतात. आमच्या बॅचमधल्या एकाचे अगदी तेवढेच आले, हसावं की रडावं! आणि झोपेत सगळीकडे २ मारत गेलं तर बरोबर ८०. नाइटनंतर अर्धे लोकं तसंच करतील, मग त्या आकड्यात डिपार्टमेंट किती आणि झोप किती?

नाव टाकायचं नव्हतं, पण वर्ष आणि मुलगा-मुलगी विचारलं होतं. आमच्या वर्षात मुली दोनच. झालं ना मग.

ऑन-कॉलला जेवणाची सोय आहे का, या प्रश्नावर मी पोह्यांकडे पाहिलं आणि शून्य दिलं.

ऑटोनॉमीच्या प्रश्नांवर मात्र अडकलो. कारण काल रात्री तीनला सिझर होतं, जेआर-वन (पहिल्या वर्षाची रेसिडेंट) स्पायनल, म्हणजे पाठीत सुई टाकून कमरेखालची भूल देत होती, पहिल्यांदा हाड लागलं, दुसऱ्यांदा पण हाडच, आणि तिकडून सर्जन स्क्रब करून हात वर धरून उभे, "काय करून राहिले तुम्ही लोकं, झालं का नाही?" पेशंट स्टेबल होती, बाळाचे ठोके नीट होते, दोन मिनिटं थांबता आलं असतं. पण मी सुई घेतली. पहिल्याच फटक्यात सीएसएफचा (मणक्यातल्या पाण्याचा) थेंब आला, म्हणजे सुई जागेवर, दोन एमएल हेवी बुपिवॅकेन हे भुलीचं औषध दिलं, मोकळा झालो. ती काही बोलली नाही, बीपी पडेल म्हणून गुपचूप मेफेन, बीपी वाढवायचं औषध, भरून ठेवलं तिनं. आता तिनं तिच्या फॉर्मात काय टिक केलं असेल?

या फॉर्मात सर्जन कुठेच नाही. वॉर्डात काम करणाऱ्या मेडिसिनवाल्याला त्यानं फरक पडत नसेल, पण आमचं अर्धं शिकणं दुसऱ्या ब्रँचच्या माणसाच्या घड्याळावर चालतं. खास अ‍ॅनेस्थेशियाच्या रेसिडेंट्ससाठी, ऑपरेशन थिएटर डोळ्यापुढे ठेवून २००४ मधे वेगळा फॉर्म बनलाय, एटीईईएम, तोही चाळीसच प्रश्नांचा. तो का नाही दिला काय माहीत. बहुतेक फीम आधी सापडला.

आमच्याकडे एक मॅडम आहेत, त्या इंट्युबेशनच्या (श्वासनलिकेत ट्यूब टाकायच्या) वेळी मुद्दाम हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात. मी लॅरिंगोस्कोप, म्हणजे घसा बघायचं लाइटचं पातं, घालून काहीच दिसत नाही म्हणून घामाघूम, आणि मागून आवाज, "ऑक्सिजन सॅचुरेशन नव्याण्णव आहे रे, बघ आरामात, पंच्याण्णवला मी बोलीन." मग गरज पडली तर बाहेरून गळ्यावर हलकं दाबून देतात, व्होकल कॉर्ड्स दिसतात, ट्यूब मीच टाकतो, कॅप्नोवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मशीनवर) ग्राफ आला की मॅडम चहाला. त्यांच्या ऑपरेशन लिस्टला असलो तर माझे १३० झाले असते. दुसरे एक सर आहेत, ते दहा सेकंदात स्कोप ओढून घेतात, त्यांच्या लिस्टला ७०. आज दोघांचं सरासरी वातावरण म्हणून १०० भरून पाठवले.

उद्या सकाळी पहिली केस सिझरच, स्पायनलच आहे. जेआर-वनला मेसेज केला, उद्याचं स्पायनल तुझं, मी हात लावणार नाही. दोन निळ्या टिक आल्या, मग बऱ्याच वेळानं एक अंगठा. उद्याचे सर्जन पण तेच आहेत.