मिक्सरच्या आवाजात टिकणारी गाणी

गाणं चांगलं की वाईट हे ठरवायची माझी पद्धत एकदम घरगुती आहे. ओल्या नारळाचं वाटण मिक्सरला लावायचं, बाहेर पत्र्यावर पाऊस, एका शेगडीवर कुकर आणि मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर, या सगळ्या गोंगाटातून जे गाणं कळतं ते पॉप. बाकीची गाणी वाईट असतात असं मुळीच नाही, पण त्यांना नुसतं बसून ऐकणारा माणूस लागतो आणि आमच्या घरात तसा माणूसच नाहीये. आई काही ना काही निवडत सोलत असते, भाची कॉलेजच्या नावाखाली मोबाईलवर, आणि स्वयंपाक माझ्याकडे, कारण घरून काम करणाऱ्याला काम नसतं अशी अख्ख्या रत्नागिरीची ठाम समजूत आहे.

तर मोबाईलच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस येतच नाही, आणि जो काही थोडाफार येतो तो मिक्सर गिळतो. उरतो तो वरच्या पट्टीतला आवाज, टाळी, आणि ध्रुवपदाची चाल. आता कोणी म्हणेल ही काय गाणी ऐकायची रीत झाली, पण अमेरिकेत ते मोटाउन रेकॉर्ड कंपनीवाले साठच्या दशकात गाणं तयार झालं की मुद्दाम कारच्या रेडिओसारख्या फालतू स्पीकरवर वाजवून बघायचे, लोक ऐकणार तिथेच ना! माझा मिक्सर म्हणजे त्यांचा कार रेडिओ समजा.

या परीक्षेत कायम पहिला नंबर ॲबाचा. 'डान्सिंग क्वीन' १९७६ चं गाणं, स्वीडनच्या चार माणसांनी केलेलं, आणि चटणी वाटताना सुद्धा त्यातला एक शब्द सांडत नाही. कारण त्यांच्यातल्या दोघी गायिका एकत्र गातात, वर त्यांचेच आवाज परत रेकॉर्ड करून एकावर एक चढवलेले, त्यामुळे आवाजाला अशी काही धार येते की शिट्टी झाली तरी वरून ऐकू येतं. भाचीचं म्हणणं त्या कोरियन बीटीएस बँडचं 'डायनामाइट' पण टिकतं, आणि टिकतं हे मी मान्य करतो. २०२० मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरला गेलं, पूर्ण इंग्रजीतलं त्यांचं पहिलं गाणं, आणि ते तसं होतं म्हणूनच गेलं असं माझं मत, जे मी जेवणाच्या ताटावर एकदाच बोललो आणि पुढचा सगळा वेळ ती फक्त आजीशी बोलत होती. असो. त्यांची कोरियन गाणी मला जास्त आवडतात हे सांगायची संधीच मिळाली नाही.

सध्या घरात सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी, मिरकरवाडा बंदरात बोटी ताडपत्री घालून गप्प उभ्या, बाजारात जी ताजी मासळी दिसते तिचा भाव विचारायची हिंमत नाही, मग मे महिन्यात भरून ठेवलेला डबा उघडायचा. सोडे पण काय स्वस्त नसतात म्हणा, पण थोडे घातले तरी टोपभर कालवणाला वास येतो. आमच्याकडे सोडे आणि आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया. आठळ्या आई फणसाच्या दिवसांतच लाल मातीत घोळवून ठेवते, पावसात त्या काढायच्या, धुवायच्या, उकडायच्या, वरचं पांढरं पापुद्र्यासारखं साल काढून आतलं तपकिरी खरवडायचं. सोडे कोमट पाण्यात भिजवून दोनदा चोळून धुवायचे, नाहीतर रेती दाताखाली येते. तेलात ठेचलेला लसूण, कांदा भरपूर, हळद, घरचा मसाला, त्यात सोडे चांगले परतायचे (वास शेजारी जाईपर्यंत, हे आईचं माप), मग आठळ्या, पाणी, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि सगळ्यात शेवटी आमसूल. बटाटा घालणार असाल तर आमसूल आधी टाकू नका, आंबटात बटाटा शिजता शिजत नाही, आणि मग गॅस जाळत बसा.

हे रटरटत असताना आईचं ठरलेलं गाणं म्हणजे 'वादळवारं सुटलं गो'. शांता शेळके, हृदयनाथ, लता, त्याच्यावर मी काय मत देणार. पण एक गोष्ट आहे, हे गाणं मिक्सरमध्ये टिकत नाही असं मला वाटायचं आणि ते टिकतं, कारण लताबाईंचा आवाज बरोब्बर मिक्सरच्या वर चालतो. कोळीगीतं म्हणून लग्नात जी ढाकचिक लावतात त्यात आणि ह्यात काय फरक आहे हे भाचीला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मामा, लग्नात रडायचंय का मग?" मुद्दा आहे पोरीचा. होडीत घरधनी आणि किनाऱ्यावर जीव टांगणीला लागलेली बाई, यावर वरातीत कोण नाचणार.

अजय-अतुलवर मात्र घरात दोन पार्ट्या आहेत. 'झिंगाट' टिकतं, प्रश्नच नाही, ते जेसीबीच्या आवाजात पण टिकेल. पण 'सैराट'साठी (२०१६) त्यांनी लॉस एंजेलिसला जाऊन एवढा मोठा सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला आणि 'याड लागलं'मधली ती व्हायोलिनं माझ्या स्वयंपाकघरात पार वाहून जातात, नुसता गायक उरतो. परवा ऐन वाटणाच्या वेळी लाईट गेली. आईने पाटा-वरवंटा काढला, मी वाटायला बसलो, मोबाईलला चार्ज होता, आणि ते गाणं आख्खंच्या आख्खं ऐकू आलं. मागे केवढं काय काय चाललेलं असतं त्यात! माझी परीक्षा त्याला लावणं अन्याय आहे, पण म्हणून परीक्षा बदलणार नाही, कारण पाट्यावर वाटून खांदे गेले.

वाचनाचं पण थोडंफार असंच. चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, मी तीच पुस्तकं वाचतो जी शिट्टी झाली की उलटी ठेवता येतात आणि उचलली की लगेच पुढे चालू होतात. पावसाळा आला की सगळे कोकणावरच्या कादंबऱ्या वाचा वाचा म्हणून मागे लागतात. मोठी माणसं लिहून गेलीत, नाही कोण म्हणतो, पण बाहेर पाऊस, भिंतीला ओल, काडेपेटी पेटेना, मिठाचं पाणी झालेलं आणि पुस्तकात पण तोच पाऊस, एवढा पाऊस मला झेपत नाही. मी या दिवसांत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचतो. झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक, एकाआड एक पानावर कोणीतरी दार उघडतं आणि कोणाच्या तरी हातात पिस्तूल असतं. हजारावर पुस्तकं लिहिली या माणसाने, आणि ज्या वेगाने लिहिली त्याच वेगाने वाचायची असतात, मसाला करपायच्या आत प्रकरण संपतं. लोक याला हलकं म्हणतात. ज्याचे हात कामात आहेत त्याला जड पुस्तक द्यायचं कशाला?

जड वाचायचं असेल तर आमच्या गावात सोय आहे, इथलं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, म्हणजे रेल्वेच्या कितीतरी आधीचं. तिथली पुस्तकं मी स्वयंपाकघरात आणत नाही, ती कपाटात वरच्या फळीवर, कडुनिंबाचा सुका पाला आणि बाजूला जागा सोडून, कारण या हवेत पुस्तकं घट्ट कोंबली की बुरशी ठरलेली. आई माझ्या अर्नाळकरांच्या पुस्तकावरचे हळदीचे डाग बघून नाक मुरडते आणि वरच्या फळीकडे बोट दाखवते, "ती वाच की, ती कशाला आणलीस?" वाचणार आहे गं, नारळी पौर्णिमेनंतर.

भाचीचं एक नवीन खूळ मात्र मी चालू देत नाही. ते स्लोड-रिव्हर्ब. चांगलं भलं किशोरकुमारचं गाणं घ्यायचं, त्याचा वेग कमी करायचा, त्याला विहिरीत ढकलायचं आणि वर म्हणायचं किती रिलॅक्सिंग आहे. मिक्सरमध्ये त्याचा एक सूर कळत नाही, आणि मिक्सर बंद केला तर वाटतं परत चालू करावा.

आज रात्री कुळथाची पिठी आणि भात. लसणाची फोडणी, आमसूल, पाण्यात कालवलेलं पीठ, आणि उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही नाहीतर गुठळ्या, म्हणजे पुस्तक बाद. पण मिक्सर लागत नाही. भाचीने आत्ताच दारातून डोकं घालून विचारलं, मग आज तरी स्लोड-रिव्हर्ब चालेल ना? नाही चालणार.